जाजमावरचा न्याय

गेल्या नाताळात आमची पुतणी महिनाभराच्या रजेवर घरी आली होती. ती धर्मभगिनी असून गेली नऊ वर्षे तिमोर-लेस्ते नावाच्या एका चिमुकल्या देशात शाळेत शिकविते. सायंकाळची जपमाळ आटोपली, की शेजारपाजारची मंडळी आमच्या ओसरीवर जमत आणि ती त्या दूरदेशीच्या गोष्टी सांगे. आमच्या खानापूर तालुक्यात डिसेंबरची थंडी चांगलीच झोंबते. त्यामुळे शेगडीभोवती बसून ऐकावयास मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कोणीच कंटाळत नसे.

एके दिवशी तिने तेथल्या न्यायनिवाड्याची रीत सांगितली. तिकडच्या गावात तंटा झाला, म्हणजे वडीलधारी मंडळी एक मोठी चटई अंथरतात. या चटई अंथरण्यालाच त्यांच्या तेतुम भाषेत 'नाहे बिती' असे नाव आहे. दोन्ही पक्ष त्या चटईवर बसतात. पूर्वजांची वचने व गावचे रीतिरिवाज ज्याला मुखोद्गत असतात, असा एक वृद्ध मध्ये बसून बोलतो. त्याला 'लिया-नाइन', म्हणजे शब्दांचा धनी, असे म्हणतात. तंटा मिटेपर्यंत चटई गुंडाळावयाची नाही, असा दंडक आहे. मग अपराध्याकडून कोणाला म्हैस, कोणाला डुक्कर, कोणाला हातमागावर विणलेले 'ताइस' नावाचे वस्त्र भरपाईदाखल मिळते. दोन्ही पक्ष पानसुपारी खातात आणि चटई गुंडाळली जाते.

हे ऐकून आम्हांस मोठा आनंद झाला. आम्ही म्हणालो, "अगं, हे तर आपले जाजमच झाले! आपल्या गावातही फणसाखाली जाजम अंथरून पंचमंडळी असेच तंटे मिटवीत असत. कोर्ट नाही, वकील नाही, खर्च नाही."

पुतणी क्षणभर गप्प राहिली. मग अगदी सौम्यपणे तिने विचारले, "काका, त्या जाजमावर मार खाल्लेल्या बाईला बसायला जागा असे का हो?"

आम्ही काहीच उत्तर दिले नाही. शेगडीतले निखारे उगीचच चाळवले आणि उशीर झाला असे सांगून मंडळींना निरोप दिला. उत्तर का दिले नाही, ते या लेखाच्या शेवटी सांगू. परंतु त्या प्रश्नाने आमच्या मनात घर केले, आणि पुतणी परत गेल्यावर आम्ही त्या देशाची हकीकत चाळू लागलो. एका नव्या स्वतंत्र राष्ट्राने स्वतःसाठी दंडसंहिता, म्हणजे गुन्हा कोणता व त्याला शिक्षा कोणती हे सांगणारे कायद्याचे पुस्तक, कसे तयार केले, याची ती हकीकत आहे. आमच्या वाचक कुटुंबांनी ती ऐकावी, असे आम्हांस मनापासून वाटते.

तिमोर हे बेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस आहे. त्याचा पूर्वेकडील अर्धा भाग, आणि पश्चिम भागाच्या किनाऱ्यावरील ओएकुसी नावाचा एक तुकडा, म्हणजे तिमोर-लेस्ते. वस्ती सुमारे तेरा लाख, आणि त्यांतील बहुतेक सर्व कॅथलिक. आपला व त्यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील मुलखाचा कारभार गोव्यातून चाले, आणि १८४४ सालापर्यंत तिमोरही गोव्याच्याच गव्हर्नरच्या अधिकाराखाली होते. ज्या राजसत्तेची नाणी आमच्या आजोळच्या बाजारात चालत, तिचीच नाणी तेथेही चालत.

१९७४ साली पोर्तुगालमध्ये राज्यक्रांती झाली आणि वसाहती मोकळ्या होऊ लागल्या. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी तिमोरच्या पुढाऱ्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. ते स्वातंत्र्य नऊ दिवस टिकले. ७ डिसेंबर रोजी इंडोनेशियाचे सैन्य उतरले आणि पुढली चोवीस वर्षे त्याचा अंमल राहिला. या काळात किमान १,०२,८०० माणसे लढाई, हत्या, उपासमार आणि रोगराई यांमुळे दगावली, असा त्या देशाच्या सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी राजधानी दिली येथील सांता क्रूझ दफनभूमीत प्रार्थनेसाठी व निषेधासाठी जमलेल्या तरुणांवर गोळीबार झाला, तेव्हा कोठे जगाचे डोळे तिकडे वळले. ३० ऑगस्ट १९९९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मतदान झाले. शेकडा ७८.५ मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. त्याचा सूड म्हणून सशस्त्र टोळ्यांनी सारा देश जाळला. सुवाई येथील चर्चमध्ये आश्रयास आलेल्या लोकांची कत्तल झाली, आणि त्यांच्या रक्षणासाठी उभे राहिलेले तीन धर्मगुरूही मारले गेले.

या राखेतून न्यायव्यवस्था उभी करावयाची होती. कचेऱ्या व न्यायालये जळून गेली होती, दप्तरे नष्ट झाली होती, आणि बाहेरून आलेले न्यायाधीश व वकील पळून गेले होते. कायदा शिकलेला माणूस कोठे उरला आहे की काय, हे शोधण्यासाठी विमानांतून पत्रके टाकण्यात आली! दोन महिन्यांत साठाहून अधिक जणांनी अर्ज केले. त्यांतील बहुतेकांनी पदवी घेतली होती खरी. पण न्यायासनावर बसण्याचा अनुभव त्यांना मुळीच नव्हता. अशा तरुणांतून त्या देशाचे पहिले न्यायाधीश निवडले गेले.

न्यायाधीश मिळाले, पण त्यांनी निवाडा कोणत्या पुस्तकानुसार द्यावयाचा? संयुक्त राष्ट्रांच्या तात्पुरत्या शासनाने १९९९ साली ठरविले, की तूर्त इंडोनेशियाचेच कायदे चालू ठेवावे. मात्र मानवी हक्कांच्या विरुद्ध असलेली कलमे गळावी, आणि देहान्ताची शिक्षा रद्द व्हावी. निर्णय व्यवहाराला धरून होता. तथापि वाचकांनी कल्पना करावी: ज्याच्या सैनिकांनी आपला मुलगा नेला, त्याच सत्तेच्या कायद्याने आपल्या गावच्या चोराला शिक्षा व्हावी! आणि त्यातही गंमत अशी, की ती इंडोनेशियाची दंडसंहिताही मुळात इंडोनेशियाची नव्हती. ती डचांनी आपल्या वसाहतीसाठी रचली होती व १९१८ साली अमलात आणली होती. स्वातंत्र्यानंतर इंडोनेशियाने तीच पुढे चालविली, आणि त्या देशाच्या संसदेने स्वतःची नवी संहिता संमत केली ती २०२२ च्या डिसेंबरात.

२० मे २००२ रोजी तिमोर-लेस्ते स्वतंत्र झाला. कायदा मात्र तोच राहिला. पुढल्याच वर्षी तेथील अपील न्यायालयाने एक निर्णय दिला आणि सगळीकडे गोंधळ उडाला. न्यायालय म्हणाले, इंडोनेशियाचा ताबाच मुळी बेकायदेशीर होता. मग त्याचे कायदे येथे कायदेशीरपणे लागू होते असे म्हणता येणार नाही. म्हणून खरा कायदा पोर्तुगीजांचा! तर्काच्या दृष्टीने हे बोलणे कोणास पटेलही. पण तुरुंगात असलेल्या माणसाला आपण कोणत्या कायद्याने आत आहोत, हेच कळेनासे झाले. अखेरीस संसदेला त्याच वर्षी वेगळा कायदा करून स्पष्ट करावे लागले, की आपली संहिता तयार होईपर्यंत इंडोनेशियाचाच कायदा चालेल.

हे वाचताना आम्हांस आमच्या थोरल्या मामांची आठवण झाली. आमचे आजोळ गोव्यात. मामा पोर्तुगीज अमदानीत कोर्टात एस्क्रिव्हांव, म्हणजे लेखनिक, होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि पुढे १९६२ च्या एका नियमनाने भारताचे अनेक कायदे तेथे लागू करण्याची तरतूद झाली. १९६३ साली पोर्तुगिजांच्या १८८६ च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय दंडसंहिता आली. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. मे महिन्याच्या सुटीत आजोळी गेलो, की मामांना रात्री कंदिलाशी बसून इंग्रजी कलमे घोकताना पाहत असू. ते म्हणत, "चोर तोच, चोरलेला नारळही तोच, पण आता त्याचे नाव नव्याने शिकायला हवे." आणखी एक गोष्ट ते जरा खिन्नपणे सांगत. पोर्तुगालने १८६७ साली नागरी गुन्ह्यांसाठी देहान्ताची शिक्षा रद्द केली होती, आणि पुढे वसाहतींतही ती गेली होती. मामा म्हणत, "जुन्या पुस्तकात फाशी नव्हती, नव्या पुस्तकात आहे. स्वातंत्र्याबरोबर सगळेच काही मोकळे होते असे नाही, बाळ."

आणि ते भारतीय पुस्तक तरी कोणाचे? मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली त्याचा मसुदा केला, १८६० साली ते संमत झाले आणि १८६२ च्या पहिल्या जानेवारीस अमलात आले. स्वातंत्र्यानंतरही आपण तेच पुस्तक सत्याहत्तर वर्षे चालविले. भारतीय न्याय संहिता त्याच्या जागी आली ती १ जुलै २०२४ रोजी. तेव्हा तिमोरच्या लोकांनी सात वर्षे परक्याचा कायदा चालविला, याबद्दल त्यांना हसण्याचा अधिकार आपणांस नाही. देश एका दिवसात स्वतंत्र होतो. पण गुन्हा कशाला म्हणावे, हे स्वतः ठरविण्यास वेळ लागतो.

तिमोर-लेस्तेची स्वतःची दंडसंहिता ८ एप्रिल २००९ रोजी प्रसिद्ध झाली व त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमलात आली. तिच्यात काय आहे, ते थोडक्यात सांगतो. कृत्य घडण्यापूर्वी जो गुन्हा म्हणून लिहिलेला नाही, त्याबद्दल कोणासही शिक्षा करता येत नाही. देहान्ताची शिक्षा नाही. जन्मठेपही नाही, कारण देशाच्या राज्यघटनेनेच तिला मनाई केली आहे. कारावास जास्तीत जास्त पंचवीस वर्षांचा, आणि कायद्याने सांगितलेल्या विशेष प्रसंगी तीस वर्षांचा. सोळा वर्षांखालील मुलास गुन्हेगार ठरविता येत नाही. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे अपराध व छळ यांना या पुस्तकात स्पष्ट स्थान आहे. ज्या लोकांनी इतके सोसले, त्यांनी आपल्या कायद्यात सूडाची भाषा लिहिली नाही, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटली. ज्यांचे भाऊ व मुलगे मारले गेले, त्यांनीच लिहून ठेवले, की मारेकऱ्यालाही आम्ही मारणार नाही. आणि एक दिवस त्याला दार उघडे होईल.

मग चटईचे काय झाले? नव्या राष्ट्राने ती फेकून दिली नाही. उलट तिचा फार शहाणपणाने उपयोग केला. १९९९ च्या जाळपोळीत पुष्कळ सामान्य माणसे धाकाने वा मोहाने टोळ्यांत सामील झाली होती. कोणी शेजाऱ्याचे घर जाळले, कोणी जनावरे पळविली. या सर्वांना न्यायालयात उभे करावयाचे, तर पन्नास वर्षे पुरली नसती. म्हणून सत्यशोधन आयोगाने गावोगाव चटया अंथरविल्या. अपराध्याने सर्वांसमक्ष कबुली द्यावी, ज्याचे नुकसान झाले त्याने मन मोकळे करावे, आणि मग क्षमा मागून, काही दिवस श्रमदान करून वा भरपाई देऊन अपराध्याने पुन्हा गावात राहावे, असा क्रम होता. १,३७१ जणांनी हा मार्ग पुरा केला. परंतु आयोगाने एक रेघ ओढली होती. खून, बलात्कार आणि छळ ही प्रकरणे चटईवर येणार नाहीत. ती न्यायालयातच गेली पाहिजेत.

ही रेघ कोठे ओढावयाची, हाच साऱ्या गोष्टीचा गाभा आहे. चटईवर दोन घराणी बसतात. घराण्याची अब्रू गेली, म्हणून घराण्याला म्हैस मिळते. ज्या मुलीवर अत्याचार झाला, जिच्या अंगावर वळ उठले, तिच्या बापाला ताइस मिळते. तिला स्वतःला काय मिळते? तिने बोलावे, असेही कोणास वाटत नाही. म्हणून नव्या संहितेने जोडीदाराशी केलेले क्रूर वर्तन हा गुन्हा म्हणून लिहिला; आणि २०१० साली आलेल्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने तो सार्वजनिक गुन्हा ठरविला. सार्वजनिक म्हणजे काय? म्हणजे बायकोने तक्रार केली नाही, किंवा भीतीने मागे घेतली, किंवा दोन्ही घराण्यांनी म्हैस देऊन-घेऊन मिटविले, तरी सरकारी वकिलाला खटला चालविता येतो. बंद दाराआड पडलेला तो फटका साऱ्या देशाला लागला, असे कायदा मानतो.

हे कागदावर आले, म्हणून गावात आले, असे नव्हे. संहिता लिहिली गेली ती पोर्तुगीज भाषेत, आणि खेड्यातली माणसे बोलतात तेतुम किंवा आपापल्या डोंगराळ बोली. आमच्या मामांना निदान इंग्रजी कलमे घोकता तरी आली. पण तिकडच्या शेतकऱ्याला स्वतःच्या देशाचा कायदा कळावयास दुभाषी लागतो. पहिली बरीच वर्षे साऱ्या देशाला जिल्हा न्यायालये चारच होती. पुतणी सांगत होती, की आजही पुष्कळ बायका पहिल्याने चटईकडेच नेल्या जातात, कारण चटई जवळ असते.

आता एक प्रसंग सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. तो सांगताना लेखणी अडखळते. पण न सांगणे हेच त्या जुन्या चटईवर बसण्यासारखे होईल. ओएकुसीच्या डोंगरात रिचर्ड डॅशबाख नावाचे एक अमेरिकन धर्मगुरू अनेक वर्षे होते. त्यांनी अनाथ मुलांसाठी व निराधार स्त्रियांसाठी आश्रम चालविला. १९९९ च्या धुमश्चक्रीत त्यांनी कित्येकांचे प्राण वाचविले, म्हणून लोक त्यांना देवमाणूस समजत. त्याच आश्रमातील लहान मुलींवर त्यांनी अत्याचार केल्याचे उघडकीस आले. चौकशीत त्यांनी कबुली दिली आणि २०१८ साली रोमने त्यांना धर्मगुरुपदावरून दूर केले. तरीही गावातील अनेक माणसे, आणि देशातील फार मोठी माणसेही, त्यांच्या पाठीशी उभी राहिली. 'त्यांनी किती चांगले केले ते पाहा' असे लोक म्हणत. त्या मुलींनी मात्र धीर सोडला नाही. त्यांनी न्यायालयात साक्ष दिली. २१ डिसेंबर २०२१ रोजी ओएकुसीच्या न्यायालयाने त्यांना बारा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

याहून दुःखद म्हणजे, स्वातंत्र्यलढ्यातील धैर्याबद्दल १९९६ चे नोबेल शांतता पारितोषिक ज्यांना मिळाले, त्या बिशप बेलो यांच्यावरही अल्पवयीन मुलांच्या अत्याचाराचे आरोप झाले. त्यामुळे २०२० साली आपण त्यांच्यावर निर्बंध घातल्याचे व्हॅटिकनने २०२२ साली मान्य केले. २०२४ च्या सप्टेंबरात पोप फ्रान्सिस त्या देशात गेले, तेव्हा तेथील राज्यकर्त्यांसमोर बोलताना, मुलांच्या प्रतिष्ठेवर होणारे आघात विसरू नका व सर्व प्रकारचे अत्याचार रोखण्यासाठी झटा, असे त्यांनी सांगितले.

वाचकहो, कोणी म्हणेल, या गोष्टी आपल्या घरात वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकात कशाला? आम्ही नम्रपणे म्हणतो, याच घरांत वाचल्या पाहिजेत. परक्या शत्रूला शिक्षा करणारा कायदा कोणालाही आवडतो. कायद्याची खरी कसोटी लागते ती आपल्या लाडक्या, आपल्या पूज्य माणसाचे नाव पुकारले जाते तेव्हा. ओएकुसीच्या त्या छोट्या न्यायालयात एका अज्ञात मुलीचा शब्द एका पूज्य माणसाच्या कीर्तीइतकाच वजनदार ठरला. त्या दिवशी ते २००९ चे पुस्तक खऱ्या अर्थाने त्या देशाचे झाले, असे आम्हांस वाटते.

आता आमच्या मौनाची गोष्ट.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, आम्ही गावच्या शाळेत मास्तर असताना, जाजमाच्या बैठकीचे चिटणीसपद आमच्याकडे होते. अक्षर बरे म्हणून वही आमच्या हाती. एका घरातील सुनेचा हात नवऱ्याने मोडल्याची तक्रार आली. जाजम अंथरले गेले. एका बाजूस नवरा व त्याचा बाप, दुसऱ्या बाजूस सुनेचा बाप व भाऊ. ती स्वतः लांब, चर्चच्या पायरीवर, हात गळ्यात बांधून बसली होती. तिला कोणी काही विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. नवऱ्याने चूक कबूल केली, चर्चला मेणबत्त्या व पंचांना पन्नास रुपये दंड भरण्याचे मान्य केले, आणि सुनेच्या बापाच्या पाया पडला. सर्वांचे डोळे पाणावले. आम्ही वहीत सुबक अक्षरांत लिहिले, 'उभय पक्षांत समेट झाला.' घरी येऊन सौभाग्यवतींना अभिमानाने सांगितले, की आज पोलिसांची पायरी न चढता एक संसार वाचला. त्या काहीच बोलल्या नाहीत.

सहा महिन्यांनी एका पावसाळी रात्री ती सून आमच्या दारात उभी राहिली. डाव्या डोळ्यावर फडके बांधले होते. तो डोळा पुढे गेलाच. ती रडत नव्हती. आम्ही कंदील वर केला, तशी ती म्हणाली, "मास्तर, तुमच्या वहीत माझे नाव कोठे लिहिले आहे, ते दाखवा."

आम्ही वही काढली. त्या पानावर तिच्या नवऱ्याचे नाव होते, सासऱ्याचे होते, बापाचे होते, पाचही पंचांचे होते. तिचे नाव नव्हते. 'सून' असेच लिहिले होते.

त्या काळी कायदा नव्हता काय? होता. हाड मोडणे हा गुन्हा मेकॉलेच्या पुस्तकातही होता, आणि नवऱ्याने वा सासरच्यांनी केलेल्या छळाबद्दल स्वतंत्र कलम १९८३ साली आले होते. कायदा होता, आम्हीच त्याला गावाच्या वेशीबाहेर उभा केला होता, आणि त्याला अब्रू राखणे असे नाव दिले होते. ती बाई माहेरी गेली व पुढे शिवणकाम करून तिने दोन मुले वाढविली. तिने आम्हांस कधी दोष दिला नाही. तेच अधिक जड जाते.

क्षमा करू नये, असे आमचे म्हणणे नाही. प्रभूने क्षमा शिकविली आहे आणि ती आम्हांस प्रिय आहे. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला, त्यानेच करावयाची ती गोष्ट आहे. पाच पंचांनी पन्नास रुपयांत दुसऱ्याच्या वतीने करावयाची नव्हे. बांधाचा तंटा, गुराने खाल्लेले पीक, भावाभावांचा अबोला, यांसाठी जाजम जरूर अंथरावे. कोर्टकचेऱ्यांत कित्येक घरे धुऊन निघाली आहेत, हे आम्ही पाहिले आहे. पण जेथे अंगावर हात पडला, जेथे मुलाबाळांना कोणी बोट लावले, तेथे जाजम गुंडाळून ठेवावे.

पुतणी जानेवारीत परत गेली. उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या वाडीतील एक आई आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. काय घडले होते, ते येथे लिहीत नाही. ज्याच्याविषयी तक्रार होती, तो नात्यातला, मान्यवर, चर्चच्या प्रत्येक कार्यात पुढे असणारा माणूस. मागाहून दोन वडील मंडळी आली आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही जुने जाणते. बसून मिटवू या. मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे."

आम्ही म्हणालो, "आम्ही बसणार नाही."

आम्ही काठी घेतली, सौभाग्यवतींनी मुलीला दूध दिले, आणि आम्ही त्या मायलेकींबरोबर बसने ठाण्यावर गेलो. तेथे भिंतीशी एक लाकडी बाक होता. त्यावर आई, मुलगी आणि आम्ही, असे तिघे ओळीने बसलो. दोन तास लागले. अखेरीस एक महिला पोलीस आली, मुलीसमोर खुर्ची ओढून बसली, वही उघडली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "बाळ, तुझे नाव काय?"

मुलीने आईकडे पाहिले, आणि मग स्वतःचे नाव सांगितले.